थेरपीचा खर्च झेपत नाहीये? क्लेम, कागदपत्रं आणि फी कमी करून घेण्याबद्दल

माझ्या ताईने थेरपी सुरू केली तेव्हा एका सेशनचे दीड हजार, महिन्याला चार सेशन म्हणजे सहा हजार, आणि तिसऱ्या महिन्यात ती म्हणाली आता बास, आधी घरभाडं. तोवर तिला रात्री नीट झोप लागायला लागली होती, म्हणून मला फार वाईट वाटलं. इन्शुरन्सला क्लेम टाकला तर तोही परत आला, कारण पावती. पावतीबुकातला छोटा गुलाबी कागद, त्यावर "काउन्सेलिंग फी १५००" आणि एक सही, बाकी काहीच नाही.

तर आधी कायदा. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, लागू झाला २९ मे २०१८ पासून. त्याच्या कलम २१(४) नुसार विमा कंपनीने मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच कव्हर द्यायचं असतं. पण इथेच बरेच जण फसतात, कारण बहुतेक साध्या पॉलिसी अ‍ॅडमिट झाल्यावरच पैसे देतात आणि थेरपी म्हणजे तासभर बसून घरी येणं, ती ओपीडीत मोडते. म्हणून पॉलिसीत ओपीडी कव्हर आहे का, त्यात मानसोपचार धरलाय का, वर्षाची लिमिट किती आणि वेटिंग पिरियड (म्हणजे पॉलिसी घेतल्यावर किती काळाने कव्हर सुरू होतं) किती हे चार प्रश्न कस्टमर केअरला ईमेलवर विचारा, फोनवर नको, उत्तर लेखी हातात हवं. ऑफिसची ग्रुप पॉलिसी असेल तर एचआरला विचारा, आणि कंपनीकडून काही सेशन फुकट मिळतात का तेही विचारा, अनेक ठिकाणी मिळतात आणि लोकांना माहीतच नसतं.

थेरपिस्ट कोण आहे ह्यावरही क्लेम अडतो. सायकियाट्रिस्ट म्हणजे डॉक्टर, त्यांचा मेडिकल कौन्सिलचा नंबर असतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे म्हणजे आरसीआयकडे असते. पहिल्याच फोनवर हा नोंदणी नंबर मागा, त्यात संकोच कसला.

कागद साधारण हे लागतात: भरलेला क्लेम फॉर्म, सायकियाट्रिस्टची चिठ्ठी ज्यावर आजाराचं नाव आणि थेरपीचा सल्ला लिहिलाय, प्रत्येक सेशनची तारखेसकट पावती, पैसे दिल्याचा पुरावा (यूपीआयचा स्क्रीनशॉट किंवा बँक स्टेटमेंट), आधार-पॅन आणि कॅन्सल केलेला चेक. पावतीवर पेशंटचं पूर्ण नाव, थेरपिस्टचं नाव, नोंदणी नंबर, सही-शिक्का हवाच. क्लेमची मुदत पॉलिसीत लिहिलेली असते, त्यामुळे वर्षअखेरीला गठ्ठा पाठवू नका, दर महिन्याला पाठवा. आणि सगळ्याची झेरॉक्स स्वतःकडे ठेवा.

क्लेम नाकारला तर कारण लेखी मागा, मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अर्ज करा. ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे (विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी सोडवणारा अधिकारी) जाता येतं, मुंबईत आणि पुण्यात दोन्हीकडे ऑफिस आहे, फी नाही, वकील लागत नाही.

इन्शुरन्स नसेल तर थेट थेरपिस्टशी बोला. बरेच थेरपिस्ट काही जागा कमी फीच्या ठेवतात पण विचारल्याशिवाय सांगत नाहीत. ताईने सरळ मेसेज टाकला, "मॅडम, मला थेरपी सोडायची नाहीये पण महिन्याला दोन हजारच जमतील, काही करता येईल का?" मॅडमनी पंधरा दिवसांनी एक सेशन, हजार रुपयांत, असं ठरवून दिलं आणि मधल्या आठवड्यासाठी लिहून आणायचं काम दिलं. ट्रेनी थेरपिस्ट सिनियरच्या देखरेखीखाली कमी पैशात सेशन घेतात, तेही विचारून बघा.

तेवढंही जमत नसेल तर जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्य विभागाची ओपीडी असते, केसपेपर काढून दाखवता येतं. ठाणे, पुण्यातलं येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, गोव्यात बांबोळीला आयपीएचबी हे सरकारी मनोरुग्णालय आहे. नावाला घाबरू नका, तिथे ओपीडीत दाखवून घरी परत येणारेही खूप असतात. आणि रात्री-अपरात्री कोणाशी तरी बोलायचंच असेल तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, नंबर १४४१६, २४ तास, फुकट, मराठीतही बोलतात. आत्ताच मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा.