माहितीपुस्तिका लिहिणाऱ्यांसाठी: आधी शैलीपत्रक, मग फोन

रत्नागिरी, चिपळूण, कुडाळकडच्या कारखानदारांच्या मशीनच्या माहितीपुस्तिका आमच्याकडे तयार होतात. मजकूर बहुतेक वेळा तुमच्याकडचाच इंजिनिअर किंवा सर्व्हिसवाला लिहितो, आणि मग ‘हे असं लिहू की तसं?’ हा फोन ठरलेला. विचारायला हरकत नाही, पण आधी शैलीपत्रक, म्हणजे पुस्तिका कशी लिहायची याचे ठरलेले नियम असलेलं पत्रक, उघडलंत तर निम्मे फोन करावेच लागणार नाहीत.

जे एकदा ठरवायचं आणि सगळीकडे तसंच ठेवायचं, ते पत्रकात बघा: ‘दाबा’ की ‘दाबावे’, आकडा आणि ‘मिमी’ यांच्यात जागा सोडायची का, आकृत्यांचे क्रमांक कसे द्यायचे. ऱ्हस्व-दीर्घासाठी शासनमान्य लेखननियम आहेतच, १९६२ चे चौदा आणि १९७२ चे चार. पत्रकाच्या शेवटी ते अठराही छापले आहेत. तुमच्या कंपनीचे स्वतःचे नियम असतील तर ते आधी, मग आमचे, मग बाहेरचे. गूगलही आपल्या तांत्रिक लेखकांना हाच क्रम सांगते.

सगळ्यात जास्त वेळ खातात त्या धोक्याच्या सूचना. काजू फोडायच्या मशीनवर ‘पात्याजवळ बोट नेऊ नका’ याच्या डोक्यावर ‘सावधान’ लिहायचं की ‘इशारा’? हा प्रश्न ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडतो, तिघं तीन उत्तरं देतात, आणि पान ६ वर एक, पान १४ वर दुसरं, स्टिकरवर तिसरंच येतं. हा मताचा प्रश्नच नाही. अमेरिकेच्या एएनएसआय झेड५३५ मानकात याच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत आणि आम्ही त्याच पाळतो. काळजी घेतली नाही तर मृत्यू किंवा गंभीर इजा होणारच असेल तिथे ‘धोका’, होऊ शकत असेल तिथे ‘इशारा’, इजा किरकोळ किंवा मध्यम असेल तर ‘सावधान’, आणि माणसाला इजा नाही, फक्त मशीनचं नुकसान, तिथे ‘सूचना’. पात्याने बोट तुटू शकतं, म्हणून ‘इशारा’.

दुसऱ्या प्रुफानंतरच्या शब्दबदलाला आम्ही वेगळा आकार लावतो, त्यावर कुरबुर होते. पण एक शब्द बदलला की आकृतीतली लेबलं, अनुक्रमणिका, स्टिकर सगळं पुन्हा तपासावं लागतं. एखादी जागा राहून गेली तर गोंधळ मशीनसमोर उभ्या असलेल्या कामगाराचा होतो.

पत्रक गप्प असेल किंवा दोन नियम एकमेकांना छेद देत असतील, तेव्हा जरूर विचारा. वाचणाऱ्याला कळेल का, अशी शंका असेल तेव्हा तर विचाराच. काजू कारखान्यातल्या बायका ‘टरफल’ म्हणतात, तर पुस्तिकेत ‘बाह्यकवच’ कशाला? हे त्यांनाच विचारावं. बटण बंद केल्यावर पातं किती सेकंदांनी थांबतं, ते डिझाईन करणाऱ्याकडूनच घ्या, अंदाजाने लिहू नका. आम्हाला विचारताना कोणता नियम पाहिलात आणि कुठे अडलात, एवढं एका ओळीत कळवा. मिळालेलं उत्तर आम्ही पत्रकात नोंदवतो, म्हणजे तुमच्याकडच्या पुढच्या लेखकाला तेच पुन्हा विचारावं लागत नाही.

पहिल्या पुस्तिकेसोबत शैलीपत्रक आम्ही करूनच देतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. जुन्या ग्राहकांना आपली प्रत सापडत नसेल तर निरोप द्या, ताजी पीडीएफ पाठवतो.