शंभर मीटरचा आकडा आला कुठून?

लांबच्या दोन खोल्यांतले कॉम्प्युटर इथरनेट केबलने जोडायचे म्हटले की, केबल १०० मीटरपेक्षा लांब नको, ही अट पुढे येते. तिचे कारण विचारले तर बरेच जण संदेशांच्या टकरीकडे बोट दाखवतात. आजच्या जाळ्यापुरते तरी हे उत्तर चूक आहे.

टकरीचा हिशोब जाड कोअॅक्सिअल (मध्ये एक तार, भोवती धातूचे कवच अशा) केबलच्या काळातला. तिचा एक तुकडा ५०० मीटरपर्यंत चाले, बारीक केबलचा १८५ मीटर. सगळे कॉम्प्युटर एकाच तारेवर बोलत, त्यामुळे टक्कर झाली तर फ्रेम, म्हणजे एका खेपेचा संदेश, पाठवून संपायच्या आत ती कळायलाच हवी. सर्वांत लहान फ्रेम ६४ बाइटची. १० मेगाबिटच्या वेगाने ती ५१.२ मायक्रोसेकंदांत संपते. जाळे किती पसरू द्यायचे ते यावर ठरे.

१९९० मध्ये एकमेकींभोवती पिळलेल्या तारांच्या जोड्यांचे मानक आले, तेव्हा कोष्टकच बदलले. कार्यालयांत टेलिफोनसाठी जशा जोड्या टाकल्या जात, तशाच वापरायच्या होत्या. मजल्यावरच्या वायरिंगच्या खोलीपासून टेबलापर्यंत पोचले की झाले. १०० मीटर हे त्यासाठी धरलेले उद्दिष्ट. मानकाची खरी अट क्षीणनाची, म्हणजे तारेत सिग्नल किती कमजोर होतो याची होती: ११.५ डेसिबलच्या आत. तार चांगली असेल तर लांबी वाढवायलाही मुभा होती. हे वाक्य पुढे कोणाच्या लक्षात राहिले नाही, आकडा मात्र राहिला.

गोंधळ १९९५ नंतरचा. वेग दहापट झाला, टक्कर कळण्याचा अवधी ५.१२ मायक्रोसेकंदांवर आला आणि दोन हब (आलेला सिग्नल सगळ्यांकडे पाठवणारी जोडपेटी) धरून जाळ्याचा पल्ला जेमतेम २०५ मीटर उरला: इकडे १००, तिकडे १००, हबांमध्ये ५. वेळेची मर्यादा आणि तारेची मर्यादा अशा एकमेकींना चिकटल्या की त्या एकच वाटू लागल्या. पण हबच्या जागी संदेश ज्याचा त्यालाच पोचवणारे स्विच आले, दोन्ही दिशांना एकाच वेळी बोलणे सुरू झाले, टकरी संपल्या, तरी १०० मीटर जागच्या जागी. क्षीण होत जाणारा सिग्नल आणि शेजारच्या जोडीतून झिरपणारा आवाज स्विचने थोडाच कमी होतो?

म्हणून ९० अधिक १० ही विभागणी मला आकड्याइतकीच महत्त्वाची वाटते. भिंतीतली ९० मीटर तार एकपदरी, दोन्ही टोकांच्या पॅच कॉर्ड, म्हणजे सुट्या जोडतारा, मिळून १०. कॉर्डची तार बहुपदरी आणि मीटरमागे जास्त सिग्नल खाणारी. सगळी १०० मीटर तीच ओढली तर हिशोब चुकतो. तापलेल्या छतातही क्षीणन वाढतेच.

१९९९ मध्ये गिगाबिटने चारही जोड्या दोन्ही दिशांना वापरून १०० मीटर राखले. दहा गिगाबिटला २००६ मध्ये कॅट सिक्स दर्जाच्या केबलवर ५५ मीटरच झेपले. शंभरासाठी त्याहून वरच्या दर्जाची सिक्स-ए केबल लागली. त्यापलीकडे फायबर. उलट २०१९ च्या मानकाने वेग १० मेगाबिटवरच ठेवला आणि तांब्याच्या एकाच जोडीवर १००० मीटर गाठले.