दोनशे शितं, वीस पातेली

"म्या नऊ सायब पाह्यले. सायब चांगला भेटला त हापिस आपोआप सुधरते," दारव्ह्याच्या एसटी स्टँडवर एक निवृत्त बाबू सांगत होते. खरंही असेल. पण हे तपासायचं कसं?

समजा, कापूस वेचणीचे दिवस आहेत. बाया सकाळीच वावरात जातात आणि उपकेंद्रात लसीकरण दहाला सुरू होतं. नर्सबाई म्हणते, सातला सुरू करू. गोष्ट एवढीशी, पण लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच ठेवावी लागते, त्यामुळे ती बर्फाच्या डब्यातून प्राथमिक आरोग्य केंद्रातून त्याच दिवशी येते. डबा पहाटे निघायचा तर डॉक्टरांचा, म्हणजे इथल्या साहेबांचा, होकार हवा. सरकारी कामातली नवी कल्पना अडते ती इथे.

संशोधक मग २० केंद्रांत प्रत्येकी १० जणांकडून फॉर्म भरून घेतात. साहेब ऐकून घेतात का? तुम्ही नवं काही केलं का? झाले २०० फॉर्म.

झाले का खरंच? शितावरून भाताची परीक्षा होते, कारण एका पातेल्यातली शितं सारखीच शिजतात. म्हणूनच दहावं शीत फारसं नवं सांगत नाही. एका साहेबाच्या हाताखालची माणसंही तशीच. हा सारखेपणा ० ते १ मध्ये मोजतात; नाव जड आहे, अंतर्वर्ग सहसंबंध. तो ०.२ धरू. दहातून एक वजा, गुणिले ०.२, अधिक १ म्हणजे २.८; फॉर्मांचं वजन इतक्या पटींनी घटतं. २०० भागिले २.८, सुमारे ७१. तुमचे २०० फॉर्म ७१ सुट्या माणसांच्या तोलाचे! प्रत्येक केंद्रात हजार जणांना विचारलं, तरी हा आकडा १०० च्या पुढे जात नाही. माणसं नाही, पातेली वाढवावी लागतात.

(नव्या साहेबानं टेबल पूर्वेला फिरवलं आणि फायली हलल्या, की श्रेय वास्तूला. पातेलं एक!)

दुसरी गोम जिभेची. साहेबावर खूश असलेला माणूस स्वतःलाही सढळ गुण देतो. म्हणून साहेबाबद्दल माणसांना विचारावं आणि काम नोंदवहीतून मोजावं. तीही जपून वाचावी लागते. संशोधक एमी एडमंडसन यांनी १९९६ मध्ये रुग्णालयांतल्या औषधांच्या चुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. चांगल्या प्रमुखांच्या विभागांत चुका जास्त सापडल्या. तिथल्या नर्स त्या लपवत नव्हत्या.