तो जेवला असेल का?

डिचोलीत आमच्या शेजारची मुलगी तीन वर्षांनी माहेरी परतली. नवरा कामावर जाताना बाहेरून कुलूप लावायचा. मोबाइल त्याच्याच खिशात, आईशी बोलायचं तेही स्पीकरवर. पहिल्या रात्री आईने ऊन ऊन भात आणि हुमण वाढलं. दोन घास खाऊन ती म्हणाली, "आई, तो जेवला असेल का गं?" आईच्या हातातला डाव तसाच राहिला. मग ती कडाडली, "त्याचं नाव पुन्हा काढू नकोस!" पोरगी गप्प झाली ती कितीतरी दिवस.

आईचा संताप मला कळतो. पण त्या प्रश्नात वेडेपणा नव्हता, आणि लाज वाटावी असंही काही नव्हतं.

२३ ऑगस्ट १९७३ रोजी स्टॉकहोमच्या एका बँकेत दरोडेखोराने चौघा कर्मचाऱ्यांना ओलीस धरलं, ते सहा दिवस. त्यातल्या एकीचा तिजोरीच्या बंद खोलीत जीव घुसमटला, तेव्हा त्याने तिला दोर बांधून बाहेर फिरू दिलं. दोर बांधलेला असूनही तिला तो दयाळू वाटला. कोंडणाऱ्याविषयीच अशी माया वाटण्याला 'स्टॉकहोम सिंड्रोम' हे नाव त्या घटनेनंतर रूढ झालं. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या यादीत हा आजार नाही, आणि ते योग्यच आहे. ज्याच्या हातात आपला जीव आहे त्याची मर्जी सांभाळणं ही जगण्याची धडपड असते.

छळाच्या घरातही जेवण, झोप, पैसा, दाराची किल्ली सगळं एकाच माणसाकडे असतं. तोच मारतो आणि तोच नंतर हळद लावतो. भीती ओसरली की जिवाला जो सुटकेचा श्वास मिळतो, तो मन त्याच्याच नावावर जमा करतं. शिवाय माया कधी मिळेल याचा नेम नसतो, म्हणून मन तिची वाट पाहत राहतं. मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड डटन आणि सुझन पेंटर यांनी १९८१ मध्ये हेच मांडलं: सत्ता एकाच बाजूला आणि छळ मधूनमधून थांबणारा असला, की छळणाऱ्याशी मनाची गाठ घट्ट बसते.

ही गाठ सोडवणारी गोळी नाही. झोप उडाली असेल, नैराश्य असेल तर औषध त्यावर चालतं. मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ मध्ये उपचाराचे टप्पे सांगितले, त्यात सुरक्षितता पहिली. त्यानंतर घडलेलं आठवणं आणि त्याचं दुःख करणं, मग पुन्हा माणसांत येणं. सुरक्षितता म्हणजे नुसतं छप्पर नव्हे. आज काय रांधायचं, कधी झोपायचं, खोलीचं दार उघडं ठेवायचं की लावायचं, हे तिने ठरवायचं. तिचं भलं व्हावं म्हणून का होईना, घरच्यांनी तिचा फोन काढून घेतला तर कुलूप तेच, फक्त किल्ली दुसऱ्याकडे गेली.

आघातावरची मानसोपचार पद्धत नंतर येते. प्रशिक्षित माणसासमोर ती आठवणी थोड्या थोड्या उलगडते. त्याने डोकं चेपलं होतं हेही खरं, हात पिरगळला होता हेही खरं. दोन्ही एकाच कागदावर मांडता आलं की "माझंच चुकलं" हे वाक्य हळूहळू सैल होतं. त्याची आठवण येणं, फोन करावासा वाटणं, एखादवेळी परत जाणंही घडतं. त्याने उपचार फसला असं होत नाही. पण छळ चालू असताना "दोघांना समोरासमोर बसवून समजूत काढू" म्हणणं धोक्याचं आहे. त्याच्यासमोर ती खरं बोलूच शकत नाही.

गोव्यात बांबोळीला सरकारी मानसोपचार संस्था आहे, आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोनवरूनही बोलता येतं.

शेजारच्या मुलीने समुपदेशन सुरू केलं तेव्हा समुपदेशक ताईंनी आईलाही बोलावून घेतलं होतं. काही आठवड्यांनी मी त्यांच्या सोप्यावर बसले होते. आतून तोच प्रश्न ऐकू आला. आई क्षणभर थांबली. म्हणाली, "जेवला असेल. आठवण येते का गं त्याची?"

"येते," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच मोकळेपणी रडली. आई तिच्याजवळ बसून राहिली.