लिव्हरपूलचा टाऊन हॉल: मान वर करून बघा
(इंग्लंड सहलीतल्या आमच्या पाहुण्यांसाठी)

लिव्हरपूलला उतरलं की बहुतेक मंडळी आधी बीटल्सचं नाव काढतात. ते दुपारी. सकाळी आम्ही तुम्हाला कॅसल स्ट्रीटवरून चालत टाऊन हॉलसमोर नेणार आहोत, आणि एक सेल्फी काढून पुढे पळू देणार नाही.

इमारत जॉर्जियन, म्हणजे १७१४ ते १८३० या काळात ओळीने गादीवर आलेल्या चार जॉर्ज राजांच्या जमान्यातली. बाथचे वास्तुविशारद थोरले जॉन वुड यांच्या आराखड्यावरून ती १७४९ ते १७५४ मध्ये बांधली. वर नगराचा कारभार, खाली व्यापाऱ्यांसाठी जागा. पण आतला चौक इतका अंधारा झाला की व्यापारी सौदे बाहेर रस्त्यावरच करत राहिले! १७७५ मध्ये पगारकपातीवरून बिथरलेल्या खलाशांनी जहाजांवरच्या तोफा ओढून आणल्या आणि हिच्यावरच डागल्या. १७९५ च्या आगीत आतलं सगळं जळालं. आजचा घुमट १८०२ चा आणि पुढचा खांबांचा द्वारमंडप १८११ चा; दोन्ही जेम्स वायट यांच्या आराखड्यातले. घुमटावर बसलेली बाई म्हणजे मिनर्व्हा, रोमन लोकांची विद्येची देवी.

आता मान वर करा. खांबांच्या माथ्यांच्या ओळीत भिंतीवर कोरीव पट्टी आहे. हत्ती, सिंह, मगर, आणि मध्येच आफ्रिकी माणसाचा चेहरा. गावाचा पैसा कुठून आला ते इथे लपवलेलं नाही, हौसेने मिरवलंय. १८०७ च्या बंदीपर्यंत गुलामांच्या व्यापारात हे बंदर इंग्लंडमध्ये सगळ्यांत पुढे होतं. इथे आम्ही जरा जास्त वेळ थांबतो.

मागच्या फरसबंदी चौकाला एक्स्चेंज फ्लॅग्ज म्हणतात. कापसाचे सौदे इथे उघड्यावर चालत. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला आणि मुंबईहून गाठींवर गाठी लिव्हरपूलला आल्या. आपल्याकडे पैशाचा पूर आला, तो १८६५ मध्ये युद्ध संपताच ओसरला आणि मुंबईत कित्येकांचं दिवाळं निघालं.

आत जायला मिळेल की नाही, ते त्या दिवशीच्या कार्यक्रमांवर ठरतं. मिळालं तर मोठ्या नृत्यदालनातली १८२० ची तीन झुंबरं चुकवू नका. एकेक २८ फूट उंच. मर्सी नदीवरचा वारा बोचरा असतो, तेव्हा कानटोपी हातातल्या पिशवीतच ठेवा.