वनस्पतींवरील रोगकारक बुरशी

पिकाच्या पेशींतून अन्न शोषून त्याला रोग आणणारे बुरशीवर्गीय सूक्ष्मजीव. बुरशीत हरितद्रव्य नसते, त्यामुळे ती आयत्या अन्नावर जगते. तिचे शरीर म्हणजे बारीक तंतूंचे जाळे, प्रसार बीजाणूंनी (बीसारख्या सूक्ष्म कणांनी) आणि पेशीभित्तिका कायटिन या चिवट पदार्थाची. झुरळाच्या कवचातही हेच कायटिन असते.

सांगली जिल्ह्यात तासगाव-मिरजेकडच्या द्राक्षबागांत भुरी आणि दावण्या (डाऊनी, केवडा) ही नावे एका दमात घेतली जातात. दोन्हींत पान पांढरे पडते, पण जीव मात्र वेगळ्या कुळांतले. भुरी ही खरी बुरशी, धानीकवक (पिशवीसारख्या धानीत बीजाणू बनवणाऱ्या) गटातली. ती पानावर राखेसारखी पसरते, फक्त चूषकांगे (अन्न शोषणारे अवयव) वरच्या थरातील पेशींत रोवते आणि त्या पेशी जिवंत ठेवूनच खाते. तिच्या बीजाणूंना रुजायला पानावर पाणी लागत नाही.

दावण्याचा जीव अंडकवक गटातला. नावात कवक असले तरी तो खरी बुरशी नव्हे. त्याचे नाते तपकिरी शैवालांशी. त्याची पेशीभित्तिका मुख्यत्वे सेल्युलोजसारख्या घटकांची, आणि त्याचे चलबीजाणू (पोहणारे बीजाणू) दोन शेपट्यांच्या जोरावर ओल्या पानावर पोहत पर्णरंध्रापर्यंत, म्हणजे पानाच्या सूक्ष्म छिद्रापर्यंत, जातात. म्हणून ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागला की बागायतदाराची झोप उडते. पानावर तेलकट डाग आणि डागाच्या खाली पांढरी लव, ही त्याची खूण.

हा भेद केवळ पुस्तकी नाही. हेक्झाकोनॅझोल हे बुरशीनाशक बुरशीची अर्गोस्टेरॉल (तिच्या पेशीपटलाला लागणारा घटक) बनवण्याची क्रिया रोखते. दावण्याचा जीव अर्गोस्टेरॉल बनवतच नाही, तेव्हा ते औषध त्याच्यावर वाया जाते. त्याला मेटॅलॅक्झिलसारखे वेगळे औषध लागते. मोरचूद आणि चुन्याचे बोर्डो मिश्रण मात्र दावण्यावर चालते. चोरांनी द्राक्षे तोडू नयेत म्हणून फ्रान्समध्ये रस्त्याकडेच्या वेलींवर ते शिंपडत. त्याच वेली निरोगी राहिलेल्या पाहून फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे यांनी 1885 मध्ये हा उपाय जगापुढे मांडला.

उसावरची चाबूक काणी आणि गव्हाचा तांबेरा हे गदाकवक (गदेसारख्या पेशीवर बीजाणू बनवणाऱ्या) गटातले; उसाची लाल कूज भुरीप्रमाणे धानीकवकांतली. काणीत शेंड्यातून काळा चाबूक निघतो आणि त्यावरची काळी भुकटी म्हणजे बीजाणूच. तांबेऱ्याच्या अभ्यासासाठी सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला गहू गेरवा (तांबेरा) संशोधन केंद्र आहे. गव्हासाठी महाबळेश्वर कोणी ओळखत नाही, पण मैदानातल्या उन्हाळ्यात तग न धरणाऱ्या तांबेऱ्याला तिथली थंड हवा मानवते.