साथीच्या काळातील उपचार आणि डॉक्टरांची कायदेशीर जोखीम

सस्नेह नमस्कार.

बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी भागात दवाखाने व लहान रुग्णालये चालवणाऱ्या आमच्या विमाधारक डॉक्टरांसाठी हे पत्रक आहे. कोविड साथीच्या धावपळीत घेतलेला निर्णय ग्राहक आयोगापुढे तपासला जातो तो पुष्कळ उशिरा, बेड आणि ऑक्सिजन सहज मिळू लागल्यावर. त्या वेळी डॉक्टरांचा खरा आधार असतो तो त्याच दिवशी केस पेपरवर केलेल्या नोंदीचा.

‘पेशंटला रेफर केले’ एवढी ओळ पुरत नाही. ‘रात्री ९.४०, ऑक्सिजन पातळी ८६. बेळगावातील दोन रुग्णालयांना फोन केला, बेड नाही. मुलाला धोका समजावून सांगितला, तोवर येथेच ऑक्सिजन चालू ठेवला’ अशी नोंद असेल, तर हाताशी असलेल्या साधनांत रास्त काळजी घेतली होती हे दाखवता येते, आणि कायद्याची अपेक्षाही त्या परिस्थितीत सामान्य कौशल्याचा डॉक्टर घेईल तेवढ्याच काळजीची आहे. फौजदारी जबाबदारीसाठी तर निष्काळजीपणा घोर स्वरूपाचा असावा लागतो, हे जेकब मॅथ्यू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली स्पष्ट केले. एखादी नोंद राहून गेली असेल, तर ती लिहिल्याची खरी तारीख व वेळ घालून नंतर करावी; जुन्या ओळींत खाडाखोड मात्र कधीही करू नये, कारण त्यामुळे निर्दोष डॉक्टरही संशयात सापडतो.

आपल्या भागात संमतीपत्राकडे विशेष लक्ष द्यावे लागते. छापील नमुना कन्नड किंवा इंग्रजीत आणि पेशंटला वाचता येते फक्त मराठी, अशी स्थिती असेल, तर सही असूनही माहितीपूर्वक संमतीबद्दल प्रश्न उभा राहतो. समीरा कोहली प्रकरणात २००८ साली न्यायालयाने पुरेशी माहिती देऊन घेतलेल्या संमतीलाच महत्त्व दिले आहे. म्हणून मराठी आणि कन्नड असे दोन्ही नमुने ठेवावेत आणि कोणी, कोणत्या भाषेत समजावले ते खाली लिहावे.

कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरील कोगनोळी नाक्यावर कोविड तपासणी अहवाल मागितले जात होते, तेव्हा महाराष्ट्रातील चंदगड-गडहिंग्लजच्या पेशंटना फोनवर सल्ला देणे स्वाभाविकच होते, आणि २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार नोंदणीकृत डॉक्टरला देशातील कोणत्याही पेशंटला असा सल्ला देता येतो. मात्र त्या संभाषणाची नोंद आणि दिलेल्या प्रिस्क्रिप्शनची प्रत जपून ठेवणे आवश्यक आहे. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रारदाराला स्वतःच्या राहत्या ठिकाणीही तक्रार करता येते. म्हणजे दवाखाना बेळगावात असला तरी नोटीस कोल्हापूरहून येऊ शकते.

तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे. परंतु १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीतून वगळण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिल्यामुळे २०२० मधील उपचारांवरची तक्रार २०२४ च्या आरंभीही मुदतीत बसू शकत होती. दाखल पेशंटचे कागद तीन वर्षे ठेवण्याचा नियम आहे, पण आमच्या मते साथीच्या काळातील कागद त्याहून बराच अधिक काळ ठेवावेत.

दावा पुष्कळ उशिरा येऊ शकतो, हे विम्याबाबतही लक्षात ठेवावे. व्यावसायिक जबाबदारीची पॉलिसी साधारणपणे दावा येतो त्या वेळी चालू असावी लागते आणि उपचाराची तारीख पॉलिसीत लिहिलेल्या पूर्वलक्षी तारखेनंतरची (म्हणजे ज्या तारखेपासूनच्या उपचारांना संरक्षण मिळते, तिच्यानंतरची) असावी लागते. नूतनीकरणात खंड पडला, तर मागील वर्षांचे संरक्षण हातचे जाऊ शकते. त्यामुळे दवाखाना बंद असलेल्या महिन्यांतही हप्ता चुकवू नये. साथीत घेतलेल्या तात्पुरत्या नर्स व कंपाउंडर यांची माहिती कंपनीला कळवली आहे का, आणि संसर्गजन्य रोगाचे दावे वगळणारे कलम पॉलिसीत आहे का, हे नूतनीकरणापूर्वी आमच्याकडून तपासून घ्यावे.

वकिलाची नोटीस किंवा नातेवाइकांचे लेखी पत्र आल्यास त्याची प्रत त्याच दिवशी आमच्या कार्यालयात पोहोचवावी. पेशंटच्या घरच्यांशी आपुलकीने बोलण्यास कोणतीही हरकत नाही, परंतु कंपनीच्या संमतीशिवाय चूक मान्य करणारे उत्तर देऊ नये किंवा रकमेचे आश्वासन देऊ नये. कागदपत्रांच्या प्रती मागितल्या गेल्यास त्या ७२ तासांत द्याव्यात आणि मूळ केस पेपर कुलपात ठेवावेत.